तटाबाहेरचे पाचाड

(खास प्रतिनिधी)

महाडहून निघालेली गाडी कोंझर मागे टाकून पाचाडला पोहोचते, तेव्हा आतील प्रवाशांच्या नजरा एकाच दिशेला लागलेल्या असतात. समोर रायगडाचा काळाकभिन्न कडा उभा असतो आणि त्याच्यापुढे इतर काही पाहावे, असे कुणाला सहसा वाटत नाही. राजमाता जिजाऊंच्या समाधीपाशी मंडळी उतरतात, हात जोडतात, वाड्याच्या तटापाशी दहा मिनिटे रेंगाळतात आणि चित्त दरवाजाच्या किंवा रोपवेच्या वाटेला लागतात. वाड्याच्या तटाला लागून पसरलेल्या भातखाचरांकडे कुणी वळूनही पाहत नाही. पाहण्यासारखे तेथे असते तरी काय? बांध, खाचरांतली तांबूस माती, उन्हाळ्यात राब भाजल्याच्या काळ्या खुणा आणि चरणारी दोनचार गुरे.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने मात्र पाचाडचा निम्मा इतिहास या खाचरांखालीच असण्याचा संभव आहे. तट म्हणजे त्या काळच्या वस्तीचा केवळ शिल्लक राहिलेला, दगडाचा आणि म्हणून टिकलेला भाग होय. जे मातीचे, लाकडाचे, गवताचे होते ते जमिनीत मिसळले. ते वाचता येते काय, कसे वाचतात, आणि वाचण्याआधीच ते नाहीसे होऊ नये यासाठी काय करावे लागेल, हे प्रश्न रायगडाच्या पायथ्याशी आता निकडीचे झाले आहेत.

पाहुण्यांचे गाव

पाचाडच्या वाड्याची कथा सर्वपरिचित आहे. उतारवयात जिजाऊसाहेबांना गडावरचा वारा आणि गारठा मानवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी पायथ्याशी त्यांच्यासाठी वाडा बांधला, असे परंपरा सांगते. ६ जून १६७४ रोजी गडावर राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, जिजाऊंनी पाचाड येथे देह ठेवला. आज त्या वाड्याची चिरेबंदी तटबंदी, आतील इमारतींची जोती आणि विहिरी एवढेच उरले आहे. त्यातली ‘तक्क्याची विहीर’ विशेष प्रसिद्ध आहे. विहिरीच्या काठाशी टेकून बसण्यासाठी दगडी तक्क्या आहे. पाणी भरायला येणाऱ्या बायकांची सुखदुःखे जिजाऊ तेथे बसून ऐकत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा पुरावा मागू नये. परंतु तिच्यात एक साधी गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिकडे लक्ष द्यावे. पाणी भरायला बायका येत असतील, तर त्यांची घरेही जवळपास असणारच. ती कुठे होती?

पाचाड त्या काळी ओसाड नव्हते, याला परकीयांच्या कागदांतही आधार मिळतो. राज्याभिषेकासाठी मुंबईहून निघालेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मे १६७४ मध्ये रायगडाच्या पायथ्याशी पोहोचला, तेव्हा महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेलेले होते. वकिलाला गडावर बोलावणे येईपर्यंत पायथ्याच्या गावातच थांबावे लागले. इंग्रजी कागदांत या गावाचे नाव ‘पंचारा’ अशा काहीशा रूपात उमटले आहे. साहेबाच्या कानाला पाचाड जसे ऐकू आले तसे. वकील, त्यांचे दुभाषे, सामानाचे बैल, नोकरचाकर अशांना सामावून घेणारे हे गाव म्हणजे राजधानीचे एका अर्थी पायथ्याचे दार होते.

गडाच्या अर्थव्यवस्थेचा विचार केला, तरी हेच दिसते. सुमारे ८२० मीटर उंचीच्या माथ्यावर दरबार, सदर, बाजारपेठ, अठरा कारखाने यांची व्यवस्था करता येते. पण माणसांना लागणारे धान्य, जनावरांना लागणारा चारा, मडकी, कौले, सरपण हे सारे खालून चढवावे लागते. सावित्रीच्या खाडीतून महाड बंदरापर्यंत आलेला माल बैलांच्या पाठीवरून याच दिशेने येणार. तो कुठेतरी उतरवावा लागतो, मोजावा लागतो, राखावा लागतो. गडाखालच्या या टापूला मराठी कागदांत ‘घेरा’ म्हणतात आणि त्याच्या राखणीसाठी ठिकठिकाणी ‘मेटे’ असत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. गडाच्या रक्षणाचा विचार करताना केवळ माथ्यावरची तटबंदी पुरत नाही, भोवतालचा मुलूखही हिशेबात घ्यावा लागतो, ही जाण त्या काळच्या राज्यकर्त्यांना पुरेपूर होती. आपण मात्र गड पाहताना घेरा विसरतो.

खंदक मरतो कसा?

सपाटीवरचा कोट म्हटला की त्याच्याभोवती खंदक आलाच, अशी आपली समजूत असते आणि देशावरच्या भुईकोटांपुरती ती बरोबरही आहे. अहमदनगर, सोलापूर, परांडा, नळदुर्ग ही नावे घेतली की तटाबरोबर खंदक डोळ्यांसमोर येतो. डोंगराचा कडा नसलेल्या ठिकाणी शत्रूची शिडी, हत्ती आणि सुरुंग तटापासून दूर ठेवण्याचा तोच मार्ग होता. सुरुंगाचे म्हणाल, तर चाकणचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १६६० मध्ये शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तो छोटासा भुईकोट छप्पन्न दिवस लढवला. अखेर मोगलांनी आपल्या छावणीकडून भुयार खणत आणले, सुरुंगाने बुरूज उडवला आणि मगच कोट त्यांच्या हाती लागला.

त्याच चाकणला आज गेल्यास खंदकाचा बराचसा भाग बुजलेला आढळतो. भोवती कारखानदारी गाव वाढले. खड्डा दिसला की त्यात केर टाकावा, ही आपली जुनी रीत. चाकणच्या खंदकाची कहाणी महाराष्ट्रातल्या असंख्य गढ्यांना आणि कोटांना लागू पडते. म्हणून खंदक कसा मरतो, हे थोडे समजून घेऊ.

खंदक म्हणजे मुळात एक मोठा खड्डा. तो वापरात असतो, तोवर दरसाल उपसला जातो. राबता संपला, देखभाल करणारा धनी गेला, की पहिल्या काही पावसाळ्यांतच त्याच्या कडा ढासळू लागतात. तळाशी साचलेल्या पाण्यात बारीक गाळाचे पापुद्र्यासारखे थर बसतात. त्यावर तटाचे निखळलेले चिरे आणि चुन्याचे डबर येते. मग आसपासच्या वस्तीचा उकिरडा. शेवटी कुणीतरी जमीन कसायला घेतो, उंचवटा तोडून खोलगट भागात टाकतो आणि नांगर फिरवतो. दोन पिढ्यांत तेथे खंदक होता, याची आठवणही राहत नाही. पुरातत्त्वज्ञ अशा जागी आडवा छेद घेतो, तेव्हा हे सारे थर पुस्तकाच्या पानांसारखे त्याच्यासमोर उलगडतात. तळाच्या गाळात पाणी मुरून राहिले असेल, तर हवेअभावी न कुजलेल्या बिया, लाकडाचे तुकडे, क्वचित चामडेही मिळते. राजवाड्याच्या सदरेवर लोक काय बोलत, हे कागद सांगतात. मुदपाकखान्यात काय शिजत होते, हे गाळ सांगतो.

इंग्लंडमध्ये या विषयाला चांगलेच महत्त्व आहे. तेथे मध्ययुगातील जमीनदारांच्या, मठांच्या खंदकवेष्टित घरांची सुमारे सहा हजार स्थळे नोंदलेली आहेत. त्यांतली बहुतेक तेराव्या-चौदाव्या शतकातली. कित्येक ठिकाणी घराचा मागमूस नाही. शेतात केवळ चौकोनी ओलसर चर उरला आहे. पहिल्या महायुद्धानंतर ओ. जी. एस. क्रॉफर्ड या अभ्यासकाने विमानातून घेतलेली छायाचित्रे पुरातत्त्वासाठी वापरायला सुरुवात केली आणि जमिनीवरून न दिसणाऱ्या रेषा आकाशातून दिसू लागल्या. अलीकडे लेसर किरणांनी जमिनीची उंचसखलता मोजणारे ‘लायडार’ तंत्र आले. २०१२ मध्ये कंबोडियातील अंकोरच्या परिसरात हेलिकॉप्टरमधून असे सर्वेक्षण झाले, तेव्हा दाट जंगलाखाली दडलेले रस्ते, तळी आणि वस्तीच्या आखीव चौकटी स्पष्ट झाल्या. अंकोरचे मंदिर जगाला माहीत होतेच. मंदिराभोवतीचे शहर तेव्हा दिसले.

पाचाडच्या बाबतीत प्रश्न नेमका असाच आहे. वाडा माहीत आहे. वाड्याभोवतीचे गाव पाहायचे आहे.

पांढरी आणि काळी

मराठी भाषेने या शास्त्राचा पाया फार पूर्वी घालून ठेवला आहे. गावाच्या जमिनीचे दोन भाग आपण पूर्वापार करत आलो: वस्तीची ती ‘पांढरी’ आणि पिकाची ती ‘काळी’. शेकडो वर्षे माणसे राहिली, चुली पेटल्या, मातीच्या भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, की जमिनीचा रंग व पोत बदलतो. चुलीची राख, हाडे, शेण, खापरे यांनी तयार झालेली ही माती देशावर दुरूनही ओळखू येते. तेर, पैठण, भोकरदन येथील प्राचीन स्थळे अशा पांढरीच्या टेकाडांतूनच उजेडात आली. आणि दुर्दैव असे, की याच गुणामुळे ती नष्टही होत राहिली. पांढरीची माती धाब्याच्या घरांवर पसरायला चांगली, शेतात खत म्हणून चांगली. गाड्याच्या गाड्या भरून ती नेली गेली.

डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे घोड नदीच्या काठी केलेले उत्खनन हे शेतजमिनीतून गाव कसे वाचावे याचे आपल्याकडील उत्तम उदाहरण आहे. तो काळ मध्ययुगाच्या दोन-अडीच हजार वर्षे आधीचा. पण पद्धत तीच. घरांच्या जमिनी, धान्याची पेवे, दफने तर मिळालीच, शिवाय पाणी वळवण्यासाठी खणलेला आणि पुढे पूर्ण बुजून गेलेला पाट व त्याला लागून असलेला बंधाराही ओळखता आला. वरून पाहणाऱ्याला तेथे सपाट रानाशिवाय काही दिसले नसते.

कोकणात हे काम अधिक अवघड आहे. येथे पांढरीची टेकाडे सहसा नाहीत. महाडच्या परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. मातीची भिंत छपराविना दोन पावसाळेही तग धरत नाही. तिची माती वाहून खालच्या खाचरात जाते. त्यात भाताची शेती म्हणजे मुळातच जमिनीची फेररचना. उतार तोडून पायऱ्या करायच्या, बांध घालायचे, चिखलणी करायची. बांधासाठी दगड लागतो आणि जवळ पडकी जोती असतील, तर तो दूरवरून कोण आणील? पायथ्याच्या कुठल्याही गावी बांध न्याहाळत चालावे. ओबडधोबड धोंड्यांच्या रांगेत मधूनच एखादा टाकीने घडवलेला चिरा दिसला, तर तो कुठून आला असेल हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. यात शेतकऱ्याचा दोष काही नाही. त्याच्या आज्याने दगड उचलला तेव्हा त्याला कुणी ‘वारसा’ म्हणत नव्हते.

वालाचे पीक आणि भाजलेला राब

जमीन न खणता तिच्या पोटातले पाहण्याचे जे मार्ग आहेत, त्यांची कोकणातली परीक्षा मोठी रोचक आहे.

पहिला मार्ग पिकाचा. जमिनीखाली पाया असेल तर तेथे मातीचा थर उथळ राहतो, ओल लवकर सुकते आणि वरचे पीक खुरटते. बुजलेला चर असेल तर माती खोल व भुसभुशीत, ओल अधिक, पीक जोमदार. वरून छायाचित्र घेतले की ताटात रांगोळी काढावी तशी आकृती उमटते. मात्र पिकाला पाण्याची थोडी ओढ बसली, तरच हे घडते. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या भाताला कसली ओढ? म्हणून पावसाळी भातात असा शोध व्यर्थ. परंतु रायगड जिल्ह्यात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेण्याची जुनी प्रथा आहे. पोपटीत जाणाऱ्या आणि बिरड्यासाठी मुंबई-पुण्याला पोहोचणाऱ्या या पिकाला सिंचन नसते. ते सर्वस्वी मुरलेल्या ओलीवर जगते. तेव्हा जमिनीखालच्या चराची किंवा पायाची खूण उमटायचीच असेल, तर ती जानेवारी-फेब्रुवारीत वालाच्या पानांवर उमटेल. साध्या ड्रोनने सकाळी किंवा सायंकाळी, उन्हे तिरपी असताना घेतलेली छायाचित्रे या कामाला पुरतात. तिरप्या उन्हात वीतभर उंचसखलपणाचीही सावली पडते.

दुसरा मार्ग विजेचा. जमिनीत ठरावीक अंतरावर सळया रोवून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडतात आणि मातीचा विरोध मोजतात. दगडी पाया विरोध करतो, ओला चर प्रवाहाला वाट देतो. ही पद्धत तुलनेने स्वस्त आणि अशा जागी भरवशाची.

तिसरी पद्धत चुंबकीय मोजणीची. युरोपात ती फार लोकप्रिय आहे, कारण चूल, भट्टी, जळालेली जमीन तिच्यात चटकन कळते. सह्याद्रीत मात्र ती तज्ज्ञांनाही दमवते. आपला काळा पाषाणच लोहयुक्त आणि स्वतः चुंबकीय आहे. गोंगाटात कुजबूज ऐकण्यासारखा तो प्रकार. त्यात भर म्हणून दर उन्हाळ्यात शेतकरी रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा, कवळे पसरून राब भाजतो. तापलेली माती अधिक चुंबकीय होते. म्हणजे यंत्राला ज्या ठिकाणी शिवकालीन भट्टी ‘दिसेल’, तेथे प्रत्यक्षात गेल्या पन्नास वर्षांचा राब असण्याचीच शक्यता जास्त. गावातल्या माणसाला सोबत न घेता केलेले सर्वेक्षण असे तोंडघशी पडते.

जमिनीत रेडिओ लहरी सोडून प्रतिध्वनी टिपणारे रडारही आता आपल्याकडे वापरले जाते. त्याचा अडसर उलटा आहे. चिकण, ओली माती त्या लहरी गिळून टाकते. त्यामुळे त्याचा उपयोग एप्रिल-मे महिन्यांतच.

या यंत्रांआधी आणि यंत्रांनंतरही एक काम उरतेच. ते म्हणजे पायी फिरणे. नांगरट झाल्यावर शेतात ओळीने चालायचे आणि खापरे, कौलांचे तुकडे, काचेच्या बांगड्या, लोखंडाचा कीट यांची जागच्या जागी नोंद करायची. एका खाचरात तीन खापरे आणि शेजारच्यात तीनशे, तर त्या तीनशेंना काही कारण असते. जोडीला गावातले वृद्ध आणि महसूल दप्तर. महाराष्ट्रात शेतांना नावे असतात आणि ती सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकापेक्षा जास्त बोलतात. ‘पागेचे’, ‘बाजाराचे’, ‘कोटाखालचे’ अशा नावांनी ओळखली जाणारी शेते कित्येक गावांत आहेत, आणि पागा नाहीशी होऊन दोनशे वर्षे लोटली तरी नाव शाबूत असते. गटवारी झाली, वाटण्या झाल्या, जमिनी विकल्या गेल्या, की नव्या मालकाला ती नावे ठाऊक नसतात. खापर जमिनीत आणखी शंभर वर्षे राहील. नाव सांगणारा म्हातारा राहणार नाही.

सारेच ‘शिवकालीन’ नव्हे

येथे एक अप्रिय वाटेल असा मुद्दा मांडला पाहिजे. रायगडाच्या परिसरात जे जुने दिसेल, त्याला ‘शिवकालीन’ म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे. श्रद्धेच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. इतिहासाच्या दृष्टीने नाही. जावळीच्या मोऱ्यांकडून १६५६ मध्ये रायरी महाराजांकडे आली, त्याआधीही हा मुलूख वसलेला होता. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या ताब्यात गेला; येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत पडले. पुढे गड जंजिऱ्याच्या सिद्दीकडे राहिला आणि १७३३-३४ च्या सुमारास तो पुन्हा मराठ्यांना मिळाला. पेशवाईत त्याचा वापर चालू होता. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफांनी गडावरील इमारतींची राखरांगोळी केली. म्हणजे पाचाडच्या एका खाचरात निदान पावणेदोनशे वर्षांचे, चार राजवटींचे अवशेष एकावर एक बसलेले असू शकतात. महाराजांच्या आणि जिजाऊंच्या काळाचा थर त्यांतला एक. तो शुद्ध रूपात हाती यावा असे वाटत असेल, तर वरचे थर हलक्या हाताने, नोंदी करत काढावे लागतात. जेसीबीच्या बकेटीला थर कळत नाहीत.

गडावर याचा अनुभव येऊ लागला आहे. रायगड विकास प्राधिकरण स्थापन झाल्यानंतर गेल्या काही वर्षांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने गडावरील वाड्यांच्या जोत्यांचे उत्खनन हाती घेतले. २०२१ मध्ये तेथे सोन्याची बांगडी मिळाली, तर २०२५ मध्ये ‘यंत्रराज’ हे ग्रहताऱ्यांच्या वेधाचे प्राचीन उपकरण मिळाल्याचे जाहीर झाले. दोन्ही बातम्या गाजल्या. पण बांगडीचे खरे मोल तिच्या वजनात नसून ती कोणत्या जोत्याच्या, कोणत्या थरात, कशाच्या सोबतीने मिळाली यात आहे. तीच बांगडी एखाद्याच्या शेतात नांगराला लागली असती आणि गुपचूप सराफाकडे गेली असती, तर उरले असते ते केवळ काही ग्रॅम सोने.

नांगराला काही लागले, तर काय करायचे हे पुष्कळांना माहीत नसते. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अद्याप लागू आहे. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची दडलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे हे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. तिचा पूर्वीचा मालक निष्पन्न न झाल्यास आणि आपापसांत करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याला व एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो. सरकारने ती ठेवून घेतली, तर द्रव्याच्या मूल्यावर आणखी एक पंचमांश रक्कम देण्याची तरतूद आहे. कायदा वाचला तर तो शेतकऱ्याला लुबाडणारा नाही. पण कायद्याची कल्पना नसल्याने ‘सरकार जमीन घेईल’ ही भीती मात्र गावोगाव आहे, आणि तिच्यापोटी सापडलेले पुन्हा पुरले जाते किंवा विकले जाते. खापरे, चिरे, जुने पाये यांना तर किंमत नाही म्हणून कायद्याची दखलही नाही.

पायथ्यावरचा भार

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी. रायगड त्यांत आहेच. नाव नीट वाचले तर त्यात ‘किल्ले’ हा शब्द नाही, ‘भूदृश्ये’ आहे. गड, घेरा, वाटा, पाणी आणि वस्ती मिळून एक व्यवस्था होती, ही कल्पना त्या शब्दामागे आहे.

नेमक्या याच काळात पायथ्यावरचा भार वाढतो आहे. राज्याभिषेकदिनाला लोटणारी गर्दी, तिच्यासाठी वाहनतळ, रुंद होणारे रस्ते, जेवणाची आणि मुक्कामाची ठिकाणे, नळयोजनांचे चर. राज्याभिषेकाच्या ३५० व्या वर्षाच्या निमित्ताने जून २०२३ मध्ये पायथ्याशी शिवसृष्टी उभारण्याची घोषणा झाली. यातील बहुतेक गोष्टी आवश्यक आहेत. येणाऱ्या भाविकाला पाणी, सावली, स्वच्छतागृह मिळालेच पाहिजे आणि पाचाडच्या तरुणाला रोजगारासाठी मुंबई गाठावी लागू नये. परंतु वाहनतळासाठी खाचरे सपाट करताना कोणत्या खाचराखाली काय आहे याचा नकाशा आधी हाती हवा. दगडी तट यंत्राला अडतो. ढासळला तरी लोक बोंब मारतात. मातीत मुरलेल्या घराच्या जमिनीसाठी, बुजलेल्या चरासाठी, उकिरड्याच्या काळ्या पट्ट्यासाठी कुणी ओरडत नाही, कारण त्या गेल्याचे कळतच नाही. चालकाला माती काळसर लागली, एवढेच.

निसर्गही थांबलेला नाही. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यातील दासगाव, जुई येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळियेत डोंगर खाली आला, त्या आठवणी येथे कुणाच्याच पुसलेल्या नाहीत. त्या दुर्घटनांत माणसे गेली, त्यापुढे जुन्या खापरांचे काय, असे कुणी म्हणेल आणि ते योग्यच आहे. पण डोंगरउतारांच्या धोक्याची पाहणी करण्यासाठी लायडारने जी मोजणी होते, तीच मोजणी झाडीखालचे पडके बांध, जुन्या वाटा आणि जोतीही दाखवते. एकदा उड्डाण करून दोन्ही कामे होतात. भूस्खलनाच्या अभ्यासकांनी आणि पुरातत्त्व खात्याने एका टेबलाशी बसण्याची मात्र गरज आहे. आपल्याकडे ते विमान उडवण्यापेक्षा अवघड.

पुण्याच्या इतिहासात नांगराचे दोन प्रसंग सांगितले जातात. विजापूरकरांच्या मुरार जगदेवाने कसब्याचा कोट पाडून तेथे गाढवाचा नांगर फिरवला, आणि काही वर्षांनी जिजाऊंनी बाल शिवाजीसह त्याच भूमीवर सोन्याचा नांगर धरला. दुसरा प्रसंग परंपरेतला आहे. पहिल्यातला कोट आज कसब्याच्या घरांखाली गडप झाला असून तो शोधायचा म्हटले तरी शोधता येणार नाही. वरती शहर आहे. पाचाडला अजून वरती खाचरे आहेत. भात निघाले की वाल, वाल निघाला की मोकळी जमीन आणि मग राब. वालाच्या शेंगा उतरल्यापासून राब भाजेपर्यंत जे काही आठवडे खाचरे रिकामी असतात, तेवढ्यात ड्रोन, सळया आणि वही घेऊन फिरणारे एखादे पथक तटाबाहेरचा पहिला नकाशा काढू शकते. पुढचा वाल डिसेंबरात पेरला जाईल.